रेघ

रुवीच्या दवाखान्यात नर्स विचारते, मूळ कुठलं?
मी म्हणते, दाभोळ.
ती रकान्यात लिहिते : दक्षिण आशिया.
एवढ्या मोठ्या पाण्यात आमची खाडी
कुठल्या कुठे विरघळते.

इफ्फत काट्यावर. साडेचार वर्षं, तेवीस किलो.
बूट धरले का त्यात, म्हणून स्वतःच खाली उतरून बूट काढते.

डॉक्टर कागद माझ्याकडे फिरवतात.
बाहेर बसलेल्या ओमानी मुलाचं वजन एवढंच आहे, म्हणतात,
पण तुमच्या लोकांची हाडं बारीक,
चरबी आधी पोट धरते.
तुमची रेघ आपण जरा खाली ओढू.

माझंही होतं असं कार्ड. अंगणवाडीत.
मुमताज परकार, लाल पट्ट्यात, तळाशी.
बाई आईला सगळ्यांदेखत बोलल्या होत्या.
त्या वर्षी आईने कोंबडीची अंडी विकली नाहीत,
सगळी मला घातली.
तो लाल रंग अजून माझ्या मनगटात असणार.
वाढताना डाव तोच ढकलतो :
अजून एक घास. हा कावळ्याचा.

बाहेर सेहेचाळीस अंश. घसरगुंडीला हात लावता येत नाही.
मग ती सातव्या मजल्यावरच्या बोळात धावते,
लिफ्टपासून कचऱ्याच्या दारापर्यंत,
आणि खालचे मल्याळी काका झाडूने छत ठोकतात.

रात्री फोनवर आई : पोर सुकली गं.
मी कॅमेरा आणखी जवळ नेत नाही.

इफ्फत कागद घेऊन येते.
अम्मी, यातली माझी कुठली?
मी बोट ठेवते.
सगळ्यात वर! म्हणते,
आणि बोळात सांगायला पळते.