चढावरचा काटा

माझ्या शेडमध्ये उभी केली
की निवास चोरघेची पिकअप शहाण्यासारखी वागते.
साडेचार बार.
सेल मारा, साडेचार. रेस द्या, साडेचार.
काटा जागचा हलत नाही,
साहेब वर्गात आल्यावरचं पहिल्या बाकावरचं पोर.

आणि जुन्या कात्रज घाटात, तिसऱ्या वळणावर,
माल भरलेला असला की
बसकण मारते.
पाच मिनिटं थांबायचं. नुसतं थांबायचं.
मग काही झालंच नाही अशी चालू लागते.

माझ्याआधी एकाने फिल्टर बदलला, एकाने सेन्सर,
तिसऱ्याने मान हलवून पंपाचा आकडा सांगितला:
नव्वद हजार.
तो आकडा निवास खिशात घडी घालून फिरत होता,
मधूनच काढून वाचायचा,
कमी झालाय का म्हणून.

नाना पेठेतले बशीर उस्ताद म्हणायचे,
उभ्या गाडीला काही विचारू नकोस,
पाहुण्यांपुढे सगळेच बरे असतात.

म्हणून प्रेशरच्या घड्याळाला लांब नळी जोडली,
बॉनेटच्या फटीतून वर काढली,
घड्याळ काचेवर बाहेरून चिकटवलं.
डिझेल केबिनमध्ये घ्यायचं नाही,
हे उस्तादांनी सांगितलं नव्हतं,
त्यांच्या भाजलेल्या मनगटाने सांगितलं होतं.

मागे खडीची तीस पोती. रात्रीचे साडेअकरा.
तो चालवतोय, मी बॅटरी धरून आकडे म्हणतोय.
भारती विद्यापीठ, साडेचार.
डेअरी, साडेचार.
तलावाची भिंत गेली, साडेचार.
पहिलं वळण, सव्वाचार,
त्यात काही नाही, रस्ता खडबडीत आहे.
दुसरं, चार.
खाली सगळं पुणं दिवे लावून बसलेलं
आणि आम्ही दोघं एका बोटभर काट्याकडे बघतोय.
तीन.
अडीच.
दोन म्हणालो तेव्हा
माझाच आवाज मोठा वाटला,
कारण इंजिन बंद पडलं होतं.

हँडब्रेक. चाकामागे दगड.
पाच मिनिटांनी चावी फिरवली,
काटा उठला, साडेचारवर जाऊन बसला,
साळसूद.

पंप नाही हा, मी म्हणालो.
पंपाचा कुणीतरी गळा धरतंय.
ओढ लागली की बिलगतं,
ओढ थांबली की सोडतं.

सकाळी टाकी उतरवली.
डिझेल फडक्यातून ड्रममध्ये गाळलं,
पंप वर काढला,
आणि जाळीला चिकटून
एक पान.
काळपट, तेलकट, दोन पाळ्यांचं,
गाईच्या खुराच्या ठशासारखं.
एक शीर तुटलेली नव्हती.

आपट्याचं, निवास म्हणाला,
आणि बराच वेळ काही म्हणाला नाही.

मग: दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला.
ईश्वरी म्हणाली, बाबा, सगळ्यांना सोनं दिलं,
गाडीला कुणीच दिलं नाही.
म्हटलं, दे की तू.
मला वाटलं, बॉनेटवर ठेवेल.
झाकण उघडं होतं.
तिला तेच तोंड वाटलं असणार.

मी बिल करायला घेतलं.
टाकी सफाई, दोन वॉशर, मजुरी.
तो म्हणाला, काय निघालं ते लिहू नका,
नुकती वाचायला लागलीय,
दुकानांच्या पाट्या, औषधाची खोकी, माझी बिलं,
सगळं मोठ्याने.
मी 'कचरा' लिहून बसलो होतो.
खोडलं.
वर लिहिलं, किरकोळ.
अठराशे रुपये.

पान त्याने पुसलं,
आरसी बुकाच्या प्लास्टिकमध्ये सरकवलं,
तिथे आधी नव्वद हजारांची चिठ्ठी होती.

संध्याकाळी पुन्हा तीच तीस पोती, तोच घाट.
तिसरं वळण, साडेचार.
मी बॅटरी विझवली, म्हटलं,
घे बाजूला, घड्याळ काढतो.
राहू द्या, तो म्हणाला,
अजून एक वळण.