मधले नऊ दिवस

आईचे दिवस चाळीस.
बाझारकाकाचे एकोणपन्नास.
बाबा गेले तेव्हा बैकाल अजून मोकळं होतं,
काठावरच तेवढी बर्फाची साय,
आणि घरात पहिला वाद झाला तो रडण्यावरून.

काका म्हणाला, रडू नका.
एकेका आसवाची त्याच्या वाटेत नदी होते,
आणि त्याला पोहता येत नाही.
(खरं होतं. बत्तीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं,
पाण्यात घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत.)
आई म्हणाली, न रडता निरोप द्यायला
तो काय पाव आणायला चाललाय?
मग ती परसातल्या न्हाणीघरात गेली,
आतून कडी लावली, पाणी तापत ठेवलं,
आणि आधण येईपर्यंत रडली.
बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरचं सगळं
वाफेच्या नावावर खपलं.

लामाने पोथी उघडून वेळ काढली:
मंगळवारी, उजाडायच्या आत, ईशान्येच्या दाराने.
ईशान्येला दार नव्हतं. खिडकी होती.
तोखोई सुताराने चौकट सोडवली,
थंडी आत येऊन सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली.
उशाशी अग्राफेनामावशी स्तोत्रं वाचत होती,
पायाशी लामा पुटपुटत होता,
दोघांची तोंडं एकाच वेळी धुरकटत होती.
कपाळावर आईची कागदी पट्टी,
छातीवर काकाचं निळं रेशीम.
मी दहा नंबरचा पाना आणला.
तो कुठल्याच धर्मात बसत नव्हता,
बाबांच्या खिशात मात्र नीट बसला.

चाळिसाव्या दिवशी आईने मधात गहू शिजवले,
धिरडी घातली, शेजार जेवू घातला.
फोटोपुढच्या व्होडकाच्या पेल्यावरची
काळ्या पावाची चकती वाळून कौल झाली होती,
ती चिमण्यांना कुस्करली.
आरशावरची चादर काढून घडी घातली.
पोचला, म्हणाली.
आणि स्वतःला आरशात पाहून दचकली.

काका तुपाच्या दिव्याची वात सारत होता.
अजून चालतोय, म्हणाला. मान वर न करता.

आईच्या हिशेबाने पोचलेले,
काकाच्या हिशेबाने वाटेवर.
मधले नऊ दिवस कुणी कुणाला विचारले नाहीत.
ते मी घेतले.

त्या खिडकीशी स्टूल ओढून बसायचे.
चौकट परत बसवताना कुठेतरी फट राहिलीय,
तिथून वारं येतं, बारीक, सुईसारखं.
त्या वाऱ्याला सांगितलं,
बोटीवर नवा माणूस आलाय, वंगण जास्त घालतो.
तुमचे बूट मी चुलतभावाला दिले नाहीत, दिले म्हणून सांगितलं.
दोन्ही भाषा मिसळून बोलले,
तुम्ही शिव्या द्यायचात तशा.
पाचव्या दिवशी काही सांगायला उरलं नाही.
नुसती बसले.
सातव्या रात्री सरोवर धरलं,
मैलभर लांबून कण्हल्यासारखा आवाज आला
आणि सकाळी पाणी बोलायचं थांबलं होतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी काका दूध घेऊन काठावर गेला.
लाकडी चमच्याने चारी दिशांना शिंपडलं.
शेवटच्या दिशेला दूध पुरेना.
मागून आई आली, शालीखालून किटली काढली,
तिचे दिवस संपलेले असताना,
आणि ओतली.
ओतताना तिला रडू फुटलं,
उघड्यावर, भर दुपारी, वाफेशिवाय.
मी काकाकडे पाहिलं.
त्याने बराच वेळ बर्फाकडे पाहिलं.
एक ट्रक पलीकडच्या गावाकडे निघाला होता, सावकाश.

रड, म्हणाला.
आता नदी झाली तरी गोठेल.
चालत जाईल.

घरी आल्यावर त्याने खिडकीच्या कडेने हात फिरवला.
फट आहे इथे, म्हणाला. लांबी भरायला हवी.
बघू, मी म्हणाले.
उन्हाळ्यात बघू.