मागे कोण राहतं

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची दोन तास,
आणि ते दोन कुठले, हे कुणालाच ठाऊक नसायचं.
आम्ही कोटातच बसायचो, हातमोज्यांची बोटं कापून.
त्सिउरीबाई लिहिण्याआधी खडूवर फुंकर घालायच्या,
जणू थंडी त्यालाच वाजत होती.

फळ्यावर दोन रेणू.
एक द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूतला,
दुसरा, तीच दारू उघडी राहून आंबली की होतो तो.
"दोघांकडे ऑक्सिजनला टांगलेला हायड्रोजन आहे.
कोण सहज सोडेल?"
झुराब म्हणाला, ज्याची पकड कच्ची, तो.
"जाणाऱ्याकडे काय बघतोस?
प्रोटॉन इथून तिथून सारखाच.
मागे कोण राहतं ते बघ.
आणि कसं राहतं."

आई सप्टेंबरात बसने थेस्सालोनिकीला गेली होती,
एका परक्या म्हातारीचं अंथरूण बदलायला.

बाईंनी व्हिनेगरच्या उरल्या भागावर ऋणभार काढला,
मग तोच पुसून शेजारच्या ऑक्सिजनवर,
आणि मध्ये दोन टोकांचा बाण.
"भार कमी झालेला नाही. वाटला गेलाय.
आणि आत्ता इकडे, मग तिकडे, असंही नाही बरं.
चित्रं दोन, रेणू एक."

घरी पाणी पाचव्या मजल्यावर चढवायचं असे.
एक बादली खातुना, एक मी.
पावाच्या रांगेत पहाटे चारपासून ती, सहानंतर मी.
म्हणजे आमच्यात पाळ्याच होत्या.
बाईंच्या नियमात आम्ही बसत नव्हतो,
मी वहीत तसं लिहिलंही, आणि खोडलं.

दारूच्या रेणूचं मात्र वाईट.
सगळा भार एकट्या ऑक्सिजनवर,
शेजारी कार्बन, त्याला कशाचं काही नाही.
मग तो दिसेल त्याचा प्रोटॉन ओढतो,
अगदी पाण्याचासुद्धा.
"याला म्हणायचं बलवान आम्लारी,"
बाई म्हणाल्या, आणि 'बलवान' म्हणताना
त्यांचं तोंड किंचित वाकडं झालं.

बाबा मीटर वाचणाऱ्यालाही बसवून घ्यायचे.
मीटरवर वाचायला काही नसायचं.
तरी ग्लास भरायचे, त्याची बाही धरायचे,
जरा थांब, म्हणायचे, आत्ता तर आलास.

दोघांतला फरक सुमारे अकरा शून्यांचा.
कुणी चकित झालं नाही.
त्या वर्षी एका पावाच्या किमतीवरसुद्धा
पाच-पाच शून्यं असायची.

मेमध्ये पोस्टात आईचा फोन आला.
रिसीव्हर एक, त्याला खातुनाचा कान आणि माझा,
केस केसांत अडकलेले.
"कसे आहात?" तिनं विचारलं.
आम्ही दोघांनी एकदम काहीतरी सांगितलं,
तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.
तीन मिनिटं संपली.

बाहेर पायऱ्यांवर बाबा उभे होते.
आत यायला तयार नव्हते.
टपाल टाकायला आलेल्या कुणा अनोळखी माणसाचं
कोपर धरून त्याला विचारत होते,
तुमच्याकडे कुणाला पत्र लिहिताय?