गवतातली मोजदाद

सव्वासहाला ब्रॉनविन जस्ताच्या कारखान्यात जायला निघते.
फाटकाची कडी ती अगदी हळू लावते,
तरी ऑर्ला उठतेच,
ऑर्ला उठली की टेड उठणार,
आणि मग डर्वेंट नदीवरचं धुकं
ज्याला बघायचं त्यानं बघावं.
मी ओट्स ढवळतोय.

खिडकीबाहेर त्या आल्यात.
पुस्तकात त्यांना बरंसं नाव आहे,
पण अख्ख्या टास्मानियात सगळे टर्बो कोंबड्याच म्हणतात.
उडता येत नाही, म्हणून पळतात,
आणि पळतात अशा
की गॅसवर दूध विसरून आल्यात.
लाल डोळे, गंजक्या करवतीचा आवाज,
मागे पिल्लं,
कुणी परसात कोळसे सांडावेत तशी.

ऑर्लाला सातपर्यंत मोजता येतं.
पिल्लंही सातच.
असा हिशेब मला आयुष्यात कधी जुळला नव्हता.

हिरवळ म्हणायची ती आमची हिरवळ
बँडिकूटनं रात्रभर नाक खुपसून चाळणी केलीय.
मी माती लोटतो, ऑर्ला थांबवते.
एकेका भोकात ती एकेक मकरोनी ठेवते,
कच्ची,
"त्याला दात आहेत ना, बाबा?"
आहेत. बहुतेक. बघून सांगतो.
एवढ्यात टेडच्या तोंडात काहीतरी.
बोट घालून काढतो: गोगलगाय.
दोघंही सुखरूप.

कुंपणापलीकडून मिस्टर प्रॉक्टर,
हातात पाण्याची नळी, पाणी मात्र बंद:
"आज रजा वाटतं?"
दोन वर्षं झाली, रोज हाच प्रश्न.
आधी सगळं समजावून सांगायचो,
तिचा पगार, माझा पगार, पाळणाघराची फी,
मग नुसतं "हो" म्हणायला लागलो.
हो, आज रजा.
खांद्यावर ओकारीचा डाग घेऊन
माणूस आणखी काय म्हणणार.

दुपारी दोघं झोपतात तेव्हा
मी पायरीवर बसतो, गार चहा घेऊन,
आणि बघतो.
पिल्लांमागे मोठे तिघं असतात.
त्यातली आई एक,
उरलेले दोघंही बाप, असं म्हणतात,
आणि त्यांच्यात भांडण नाही.
ऑर्लानं विचारलं होतं, खरा कुठला?
मी म्हटलं, जो ओरडत मागे धावतोय तो.
ती म्हणाली, दोघंही धावतायत.
मग दोघंही.

गुरुवारी पाच होती.

वर ससाणा फिरताना मी पाहिला होता,
कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटा धरून.
पाहिला, आणि पुढचा मोजा उचलला.

ऑर्ला खिडकीत उभी राहिली, काचेवर बोट.
एक. दोन. तीन. चार. पाच.
मग बोट जरा सरकलं,
रिकाम्या गवतावर टेकलं,
सहा.
कुंपणापाशी, जिथे काहीच नव्हतं,
सात.
माझ्याकडे वळून बघितलं तिनं.
चुकलं म्हणायला तोंड उघडलं होतं मी,
त्याच तोंडानं म्हटलं, ओट्स गार होतायत.

त्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर नेताना
मिस्टर प्रॉक्टर कुंपणाशीच होते.
मी "हो" तयार ठेवला होता.
ते म्हणाले, "दोन कमी आहेत ना?"
म्हणाले, मीही मोजतो.
मेव्हिस गेल्यापासून सकाळी तेवढंच काम.
मग नळी उगाच इकडून तिकडे ओढली.
"आमची वेन्डी लहान असताना
मी बोटीवर असायचो. सहा-सहा महिने.
गोगलगाय बिगलगाय
मला काही ठाऊक नाही."

मला काय बोलावं सुचलं नाही.
म्हटलं, सकाळी सात वाजता येतात त्या,
आमच्या खिडकीतून जास्त चांगल्या दिसतात.

रात्री छपरावर पॉसम धाडधाड चालला.
टॉर्च घेऊन मुलांच्या खोलीत गेलो.
दोन.
ब्रॉनविन झोपेत म्हणाली, काय रे?
काही नाही, मोजतोय.

शुक्रवारी भोकातल्या सगळ्या मकरोन्या तशाच होत्या,
दवानं फुगून मऊ पडलेल्या.
टेडनं एक खाल्ली.
आणि सातला पाच मिनिटं असताना
दार वाजलं.