आकडा

खानापूर रोडच्या बर्फाच्या कारखान्यात
मी नोंदवही लिहायचो. रात्रपाळी.
किती लाद्या निघाल्या, किती फुटल्या,
मासळीला किती, लग्नाला किती.
उधारी वेगळ्या वहीत.

मालकाचा जावई विनिपेगला.
त्यानं धाडलेल्या स्वेटरच्या घडीत
तिकडचा एक जुना पेपर आला.
स्वेटर मालकाला, पेपर मला.
त्यात बर्फावरच्या हॉकीचे विक्रम,
पानभर, माझ्या वहीसारखेच रकाने पाडून.

अमोनियाच्या वासात, कॉम्प्रेसरच्या घरघरीत
मी ते सिद्राय मुचंडीला वाचून दाखवायचो.
त्याचे पाय गोणपाटात, मुठीत आकडा,
लादी ओढायचा, लोखंडी.
माझ्याही हातात आकडाच,
पण शाईचा.

‘एका गड्याचे आठशे चौऱ्याण्णव गोल.
त्याचा नव्व्याण्णव नंबर आता कुणालाच देत नाहीत.’
‘मेला काय त्यो?’
‘नाही रे, निवृत्त झाला.’
‘मग आंगडं कशाला टांगून ठेवलंय?’

‘मैदानात निळी रेषा असते.
चकतीच्या आधी माणूस पलीकडे गेला
की खेळ थांबवतात.’
सिद्रायनं तंबाखू झटकली.
‘आमचं उलटं की.
माणूस हितंच हुबा हाय,
रेषच गेली सरकून.’

आणि मग ती मॅच. मार्च, एकोणीसशे छत्तीस.
रात्री साडेआठला सुरू, पहाटे अडीचच्या सुमाराला संपली.
वेळ संपला, वाढवला, पुन्हा वाढवला, सहा वेळा.
एकशे शहात्तर मिनिटं तीस सेकंद,
आणि गोल एक. एकच.
मारणाऱ्याचं नाव जाड अक्षरात.

सिद्रायनं लादी अर्ध्या वाटेत थांबवली.
खालून पाणी सुटायला लागलं.
‘हौदा? खरं, ज्याच्यावर गोल झाला
तेचं नाव काय?’
पेपर नेमका तिथंच, टाचणीला फाटला होता.

त्याच मे महिन्यात एका रात्री
चोर्ल्यातून मासळीच्या तीन गाड्या एकदम आल्या.
दोन गडी आले नाहीत, साखळीची मोटर जळलेली.
सिद्रायनं दहापासून उजाडेपर्यंत
एकट्यानं दोनशे चौदा लाद्या काढल्या.
मी वहीत लिहिलं: निघाल्या २१४, फुटली १.
सकाळी मालकानं वही बघितली
आणि त्या एकाखाली लाल रेघ मारली.

सिद्राय काही बोलला नाही.
खिळा घेतला, थंड खोलीच्या दारावर
त्याच्या शाळेतल्या कन्नडमधे कोरलं: ೨೧೪.
दोन आपल्या दोनासारखाच वळतो,
चारही ओळखीचा.
मधला एक तेवढा वेगळा,
तोंड वासून बसलेला.

आता तिथं मंगल कार्यालय आहे.
परवाच्या एप्रिलात फोनवर वाचलं,
आठशे पंच्याण्णव झाले,
दुसऱ्याच कुणाचे तरी.
बस धरून मुचंडीला गेलो.
सिद्राय ओसरीवर शेंगा फोडत होता,
डाव्या हाताची दोन बोटं मिटतच नाहीत आता.

‘मोडला?’ म्हणाला. ‘मोडू दे. मोडायलाच असतंय ते.
खरं, तेचं नाव घावलं काय?’

घावलं होतं. वीस वर्षं
मीच शोधायचं टाळलं होतं, का कोण जाणे.
वाचून दाखवलं.
त्यानं ते दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा चुकलं,
मग आत हाक मारून सुनेला
दोन कप चहा सांगितला.

मी दाराबद्दल विचारणार होतो.
भंगारात गेलं म्हणतात, जाडजूड सागवान,
आत बूच भरलेलं.
कुठल्या गाडीनं, कुठल्या गावाला,
त्याची नोंद नाही माझ्याकडे.