नऊ व्होल्ट, मध्ये ऋण

तपकीर गल्लीत, पहिल्या मजल्यावर,
जिना इतका अरुंद की आधी गिटारची बॅग वर जाते, मग मी,
दस्तगीर शिकलगारांनी सोल्डरचा धूर फुंकून बाजूला केला
आणि म्हणाले, "दाखवा, काय काय जाळलंत."

पाचही पेडल्स मांडली. एक गेलेलं. हिरवं, कोरसचं.
गुरुवारी दुपारी वीज परत आली
तेव्हा घाईत राउटरचा अडॅप्टर खुपसला होता त्यात.
बारा व्होल्ट, आणि पिन उलटी.
आवाज काही झाला नाही. नुसता वास आला,
इस्त्रीखाली मोजा विसरल्यासारखा.

त्यांनी पाठीवरची वर्तुळाची खूण नखाने दाखवली.
"हे वाचता येतं ना? बाहेर धन, मध्ये ऋण."
मी म्हटलं, आमच्या सोसायटीचंच वर्णन झालं हे.
ते हसले नाहीत.
बहुतेक रोज कुणीतरी म्हणत असावं.

मग पाठकोऱ्या बिलावर हिशेब.
डिस्टॉर्शन दहा मिलिअँपिअर, चिमणीचा घास.
ट्यूनर पन्नास.
डिले तीनशे: "हा खादाड, याचं ताट वेगळं."
व्होल्ट औषधासारखे, मोजून.
मिलिअँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात,
पातेलंभर भात असला म्हणून कुणी पातेलंभर जेवत नाही.
"आणि बेरजेच्या वर थोडं शिल्लक ठेवा.
तुम्ही लोक नवीन पेडल घ्यायचं काही थांबत नाही."

मी विचारलं, ती एका वायरीला पाच तोंडांची?
साडेतीनशेत मिळते ती?
"घ्या की. आणि गुणगुण ऐकत बसा."

ती गुणगुण मला माहीत आहे.
सहकारनगरला दोन मजले, एक मीटर.
वर मिक्सर लागला की खाली पंखा दमायचा.
वहिनीचा गिझर आमच्या बिलात बोलायचा.
तोंडावर कुणी काही म्हणत नसे,
पण भिंतीतून एक बारीक घरघर
थेट जेवणाच्या टेबलापर्यंत.
बाबा वीज मंडळात वायरमन.
गावभर लोकांची मीटरं वेगळी करून दिली,
स्वतःच्या दोन पोरांचं एकच ठेवलं.
"आवाज येतोय ना? मग जोडलेलं आहे."
ते गेल्यावर तिसऱ्या महिन्यात दादाने अर्ज केला.
तेव्हापासून घर शांत आहे.

घेतला आयसोलेटेडच.
आठ आउटपुट, प्रत्येकाला स्वतःची जमीन.
साडेनऊ हजार, सहा हप्ते.
बॅग पाठीला लावली तसं दस्तगीरभाई मागून म्हणाले,
"फझला यातलं देऊ नका हां. जर्मेनियम आहे.
त्याला तगडी वीज मानवत नाही,
मरायला टेकलेली बॅटरी लागते, साधी, सात-सव्वासात व्होल्टची."
कुठे मिळेल?
"दुकानात नवीच मिळते, ताई. तसली घरात शोधावी लागते."

बाबांचा मल्टिमीटर वाटण्यांत वर गेला होता.
सतरा पायऱ्या. किती महिन्यांनी चढले, मोजलं नाही.
दादा म्हणाला, अख्खा ने की.
म्हटलं, बॅटरीच हवीय फक्त.
त्याने स्वतः मागचा स्क्रू काढला, चष्मा कपाळावर,
अगदी बाबांसारखी जीभ दातात धरून.
चौकोनी बॅटरी, तिच्यावर कागदाची पट्टी,
बाबांच्या अक्षरात: खंडेनवमी, २०१९.
"ही संपलीय गं."
म्हणूनच, मी म्हटलं.
त्याने विचारलं नाही काही. वहिनी चहा टाकत होती.

रविवारी घोरपडीला, जेरोमच्या गॅरेजात
सगळं जोडलं. अँप चालू केला.
काहीच नाही. जेरोम स्पीकरला कान लावून बसला.
"लागलाय ना नक्की?"
मग मी फझवर पाय दिला.
आत कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं,
आणि एक फाटका, दमलेला स्वर
शटरच्या पत्र्यापर्यंत जाऊन थरथरत राहिला.

जेरोम दचकला. "हा आवाज यायला हवाय का?"

हो, म्हटलं. हा हवाय.