आधी मोडलं, मग पडलो

केसपेपरावर पोरगी लिहीत होती : पडून मांडी मोडली.
म्हटलं, खोड ते.
आधी मोडलं, मग पडलो.
"पडलो नाही काकू, पडले."
पुण्याची असावी. आमच्यात बायकाबी पडलोच म्हणतात.

गुजरीत, सपाट फरशीवर, नुसती वळलो खिडकीकडं.
हातात साज : अकरा पानड्या ओवलेल्या, दहा राहिलेल्या.
कडकन् आवाज झाला.
वाटलं दोऱ्याचं रीळ पडलं,
आणि मग मी.

नऊ वर्षं शुक्रवार देवीचा, सोमवार गोळीचा.
उपाशीपोटी, पेलाभर पाणी,
वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
हाडं घट्ट व्हायची गोळी.
इंगवल्यांच्या मेडिकलात चिठ्ठी न बघता पट्टी मिळायची.
बास म्हणून कुणी सांगितलं नाही,
मीबी विचारलं नाही.

मांडी दिवाळीपासून ठणकायची.
कुणी वात म्हणालं, कुणी नस.
गुडघ्याचा फोटो काढला. तो देखणा आला.

शिंत्रे डॉक्टरांनी आता वरचा फोटो उजेडावर धरला :
हाड आडवं तुटलेलं, खडू मोडावा तसं.
"क्वचित होतं असं. गोळी जुनं हाड झिजू देत नाही,
मग नवं भरतही नाही…"
त्यांचं संपायच्या आत मला कळलं.
आमचे मालक सोनं ठोकायचे.
ठोकून ठोकून ते कडक होतं;
मधेच तापवून नरम केलं नाही
तर एक दिवस हातोडी न लागता चिरतं.

मग दुसरी मांडी दाखवली.
बाहेरच्या अंगाला चिमणीच्या चोचीएवढा उंचवटा,
त्यात केसासारखी रेघ.
"हिच्यातही सळई घालू, मोडायच्या आधी."
प्रल्हाद खर्च विचारायला बाहेर गेला.
मला विचारायचं काय?
एक डूल सांधून नेणारं गिऱ्हाईक
वर्षात दुसरं घेऊन येतंच.

"सळई किती तोळ्यांची?" म्हटलं.
डॉक्टर हसले, पण वजन सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रुबीना आली व्यायामाला.
"टेका, आज्जी. सगळा भार टेका."
माझा कुठला भार, तो सगळा वॉकरचा.
तिच्या मनगटाला घट्ट धरलं,
बांगडी वाकली. म्हटलं, घरी आण, सरळ करून देतो.

गोळी बंद झाली.
तरी सोमवारी सहाला जाग येते,
पेलाभर पाणी पितो
आणि वॉकर धरून अर्धा तास उभा राहतो.
खिडकीत साज तसाच. दहा पानड्या.